मासेमारीची वेळ आणि अवेळ

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही सेवानिवृत्त शिक्षक असल्यामुळे शिक्षणाचे महत्त्व या विषयावर चार शब्द बोलू, अशी कार्यकारी मंडळाची अपेक्षा असणार. परंतु त्या विषयावर आपण दरवर्षी ऐकता. म्हणून यंदा आपल्या जुन्या धंद्यातील एका प्रश्नाविषयी बोलण्याची परवानगी आम्ही मागून घेतली. प्रश्न साधा आहे: मासे धरावयास केव्हा जावे?

यास निमित्तही तसेच घडले. गेल्या हिवाळ्यात तलावाच्या पाळीवर बसलो असता आमचा एक जुना विद्यार्थी जवळ आला व हातातील मोबाइल दाखवून म्हणाला, "गुरुजी, हा मोबाइल म्हनते का आज तीन वाजता मासा लागते. खरा हाय का?" चंद्राच्या उदयास्तावरून वेळ सांगणारे ते एक कोष्टक होते. आम्ही त्यास म्हटले, "बाबा, मोबाइलास आपला तलाव ठाऊक नाही. तुझ्या आजोबास होता." तो हसला आणि निघून गेला. पण घरी आल्यावर आमच्या मनात आले की, आजोबांना जे ठाऊक होते ते या मुलास आपण तरी कोठे सांगितले? आजचे हे भाषण म्हणजे त्या राहून गेलेल्या उत्तराची भरपाई समजावी.

आपल्या समाजाच्या 'धीवर' या नावात 'धी' आहे, आणि 'धी' म्हणजे बुद्धी, असे आम्हांला शाळेत सांगत असत. महाभारतातील मत्स्यगंधा ही आपली. कालिदासाच्या 'शाकुंतला'त राजाची हरवलेली अंगठी ज्यास सापडते तो धीवरही आपलाच, आणि त्याने कापलेला मासा रोहित, म्हणजे आपला रोहूच होता. तेव्हा हा धंदा अडाण्यांचा आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. जाळे हातांनी फेकतात हे खरे. पण ते केव्हा फेकावे हे बुद्धी ठरविते.

प्रथम दिवसाच्या वेळेचा विचार करू. मासा पाण्यातील प्राणवायूवर जगतो. थंड पाण्यात हा वायू अधिक मावतो, तापलेल्या पाण्यात कमी. २० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात तो सुमारे ९ मिलिग्रॅम राहू शकतो, ३० अंशांस साडेसातच. दिवसा उन्हात पाणवनस्पती पाण्यात प्राणवायू सोडतात. रात्री त्याच वनस्पती तो वापरतात. म्हणून शेवाळ आणि गवत दाटलेल्या तलावात पहाटेच्या वेळी प्राणवायू सर्वांत कमी असतो, आणि उन्हाळ्यात किंवा आभाळ दाटलेल्या दिवसानंतर मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडताना दिसतात. नवशिक्यास वाटते की मासा भुकेला आहे. तो गळ टाकतो आणि तासभर हात हलवीत बसतो. मासा भुकेला नसून गुदमरलेला असतो. अशा वेळी गळ उपयोगाचा नाही. सूर्य कासराभर वर आला, पाण्याला जीव आला, म्हणजे तो आमिषाकडे वळतो.

उन्हाळ्यात स्वच्छ व खोल डोहात मात्र सकाळ आणि सायंकाळ याच वेळा चांगल्या. दुपारी मासा तळाशी जातो. हिवाळ्यात उलट घडते. पौष महिन्यात पहाटे कुडकुडत जाण्यात अर्थ नाही. पाणी गार पडले की माशाची भूक मंदावते, आणि उन्हाने उथळ पाणी कोमट झाले म्हणजे दुपारच्या सुमारास तो चरावयास येतो. त्या मुलाचा मोबाइल तीन वाजता म्हणाला, ते हिवाळ्यापुरते कदाचित खरेही ठरले असते. पण त्याचे श्रेय चंद्रास नसून सूर्यास द्यावे लागेल. चंद्राचा संबंध जाळ्याशी अधिक आहे. चांदण्या रात्री माशास जाळे दिसते, म्हणून उभे जाळे अंधाऱ्या पक्षात लावावे, हा वडिलांचा नियम आजही खोटा ठरलेला नाही. मांगूर, सिंगी, शिंगाडा या मिशीवाल्या माशांना तर रात्रच प्रिय. वारा एका दिशेने वाहत असेल तर ज्या काठावर लाटा येऊन आदळतात, तेथे तरंगते खाद्य गोळा होते, आणि खाद्यामागे मासाही येतो.

आता ऋतूकडे वळू. आपले वाडवडील इंग्रजी महिने मोजत नसत. ते नक्षत्रे मोजीत. रोहिणी संपून मृग लागतो, नंतर आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. याच दिवसांत नद्यानाल्यांना गढूळ लोंढे येतात, आणि मासा वाहत्या पाण्याच्या विरुद्ध चढू लागतो. यासच आपण चढण म्हणतो. त्या वेळी मासा सांडव्यावर, पाटात, धानाच्या बांधीत, जेथे पाणी वाहते तेथे शिरतो. टोपली लावली तरी मिळतो, काठीने मारला तरी मिळतो. पोरेबाळे आनंदाने ओरडत धावतात. मासे धरण्यास याहून सोपी वेळ वर्षात दुसरी नाही.

आणि बंधूंनो, मासे न धरण्याची वेळही हीच होय. चढणीचा मासा खाद्यासाठी चढत नाही. तो अंडी घालावयास चढतो. रोहूच्या मादीच्या पोटात दर किलो वजनामागे साधारण दोन लाख अंडी असतात. कतला, रोहू आणि मृगळ हे मासे साचलेल्या तलावात आपोआप अंडी घालीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. त्या एका रात्री त्यांची वाट अडविली, तर ते वर्ष त्यांना पुन्हा मिळत नाही.

येथे आमचीच एक चूक सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. नोकरीच्या पहिल्या वर्षांत आम्हांला गळाचा फार नाद होता. एका श्रावणात शाळा सुटल्यावर आम्ही तलावाच्या कडेस गेलो. गवताजवळ पाण्यात तांबूस ठिपक्यांचा एक थवा हलताना दिसला. ती मरळीची पिले होती. मरळ नर-मादी मिळून पिलांची राखण करते आणि जवळ येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर तुटून पडते, हे आम्हांस ठाऊक होते; म्हणूनच आम्ही बेडूक लावून गळ नेमका त्या थव्यावर टाकला. क्षणात मरळ लागली. थोड्या वेळाने दुसरीही लागली. फुशारकीने घरी निघालो, तो पाळीवर समाजातील एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिले आणि एवढेच म्हणाले, "गुरुजी, पोरं सोडून मायबाप धरले का तुमी?"

दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम त्या जागी गेलो. थवा फुटला होता. लहानसहान मासे त्या पिलांमध्ये शिरून त्यांना टिपीत होते. दोन दिवसांनी तेथे काहीच उरले नव्हते. ती मरळ लागली, ती भुकेने लागली नव्हती, मायेने लागली होती. आम्ही मुलांना शिकविणारा मनुष्य. पण त्या दिवशी धडा आम्हांस मिळाला. त्यानंतर पिलांच्या थव्यावर आम्ही कधी गळ टाकला नाही.

हा विचार नवीन आहे असे नाही. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, म्हणजे सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी, चातुर्मास्याच्या तीन पौर्णिमा व तिष्य पौर्णिमा यांच्या दिवसांत, तसेच उपवासाच्या दिवशी मासे मारू नयेत व विकूही नयेत, अशी आज्ञा कोरलेली आहे. त्याच लेखात कैवर्तांच्या, म्हणजे मच्छीमारांच्या, राखीव पाण्याचाही उल्लेख येतो. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' ग्रंथात 'मत्स्यविनोद' या नावाने गळाच्या मासेमारीचे प्रकरण लिहून माशांच्या जाती व त्यांची आमिषे सांगितली. इंग्रजी अमदानीत १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने पाण्यात सुरुंग उडविणे व विष घालणे हा गुन्हा ठरविला, आणि ठरावीक पाण्यात काही काळ मासेमारी बंद ठेवण्याचा अधिकार सरकारास दिला. आपल्या घरात तर धर्मानेच ही व्यवस्था लावलेली होती. श्रावणात पुष्कळ घरी मासे वर्ज्य असतात, भाव पडतो, आणि पोळ्याच्या करीला पुन्हा मागणी येते. या रूढीमुळे माशांच्या पिलांना वाढावयास अवधी मिळे.

कोणी म्हणेल, आता बीज विकत मिळते, मग चढणीची काळजी कशाला? १० जुलै १९५७ रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी माशांना पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात अंडी घालावयास लावले. हा शोध फार मोठा, आणि म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आपल्या सहकारी संस्था तलावात जी बोटुकली सोडतात, ती या शोधाचीच देणगी आहे. परंतु बोटुकली येते ती मुख्यतः कतला, रोहू, मृगळ यांची. मरळ, मांगूर, सिंगी, दाडक, वाम, झिंगे हे आपले गावठी मासे आपल्या तलावात आपोआप वाढत आले आहेत. त्यांचे बीज निसर्गाशिवाय कोण पुरविणार? आणि गरिबाच्या ताटात अधिक वेळा कोणता मासा येतो, हे येथे बसलेल्या भगिनींना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट अशी की, पाण्याची घडी आता बदलली आहे. आपल्या जिल्ह्यातील तलाव व बोड्या पूर्वी मालगुजारांच्या ताब्यात होत्या. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. तेव्हापासून पाणी शेतकऱ्यांचे, मासा ठेका घेणाऱ्या संस्थेचा, आणि पाळीची काळजी कोणाचीच नाही, अशी अवस्था अनेक गावी झाली. हस्त-चित्रा कोरडे गेले की धानासाठी तलाव उपसला जातो, आणि आमची मासेमारीची वेळ पंचांगाऐवजी धानाच्या पाळीवर ठरू लागते. काठावर बेशरम माजली, आणि मासे जेथे अंडी चिकटवीत ते गवत गेले.

वैनगंगेवर गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. आज भंडाऱ्यापर्यंत नदी तलावासारखी साचून दिसते. ज्या डोहांना आपले वडील नावाने ओळखत, ते पाण्याखाली एकरूप झाले. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत आणि कन्हानेतून वैनगंगेत उतरते, जलपर्णी पसरते. अशा साचलेल्या पाण्यातील रोहू अंडी घालण्यासाठी वाहत्या पाण्याकडे, म्हणजे सूर, कन्हान आणि लहान नाल्यांच्या मुखांकडे वळतो. आर्द्रा-पुनर्वसूत त्या मुखांवर आडवे जाळे लावणे म्हणजे घराच्या दारास बाहेरून कडी घालणे होय. धरणाखालच्या पात्रात तर पूर पावसाबरोबर येतोच असे नाही. दरवाजे उघडले की पाणी येते. तेथे नक्षत्राबरोबर भोंग्याकडेही कान ठेवावा लागतो. मासा एक वेळ हुकला तरी चालेल, माणूस हुकता कामा नये.

हे सर्व ऐकून आपण विचाराल, मग करावे तरी काय? आमच्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी सुचवितो. पहिली, मृगाच्या पहिल्या लोंढ्यापासून पोळ्यापर्यंत सांडवा, पाट आणि नाल्यांची मुखे मोकळी ठेवावीत, व पिलांचा थवा दिसेल तेथे कोणी गळ वा जाळे टाकू नये. या दिवसांत घर चालवावयाचे असते, हे आम्ही विसरलो नाही. त्यासाठी संस्थेने हिवाळ्यातील विक्रीतून सभासदांकरिता काही रक्कम बाजूस काढावी. नुसता उपदेश करून कोणाची चूल पेटत नाही.

दुसरी, मोठी मासेमारी दिवाळीपासून होळीपर्यंत करावी. तेव्हा पाणी निवळलेले व उतरलेले असते, मासा भरलेला असतो, थंडीमुळे तो लवकर नासत नाही, आणि बाजारापर्यंत ताजा पोहोचतो. जाळे कोणत्या दिवशी टाकावयाचे हे मात्र घरातील स्त्रियांस विचारून ठरवावे. डोक्यावर पाटी घेऊन आठवडी बाजार त्या करतात; पाण्याची वेळ पुरुषास कळत असेल, पण भावाची वेळ त्यांनाच कळते. पहाटे धरलेला मासा बाजाराच्या आदल्या दिवसाचा निघाला, तर त्या वेळेस सुवेळ कशी म्हणावी?

तिसरी, वैशाखात तलाव आटला तरी मधला डोह राखावा. चिखलात तग धरणारी मरळ, मांगूर आणि सिंगी हवेतूनही श्वास घेतात आणि पहिल्या पावसाची वाट पाहतात. त्यांना खणून काढले, की पुढच्या वर्षीचे बीज संपले.

यातील एकही गोष्ट पैशाने विकत घ्यावयाची नाही. ज्यांच्या घरी अजून जाळे आहे त्यांनी या हिवाळ्यात एक दिवस मुलास, आणि मुलीसही, सोबत न्यावे. पाणी पाहावयास शिकवावे. ती पुढे डॉक्टर होवोत की तलाठी होवोत; मासा केव्हा धरावा आणि केव्हा सोडावा, हे ज्यास कळले तो कोणत्याही हुद्द्यावर उतावळेपणा करणार नाही.

आमचा तो विद्यार्थी आज या सभेत मागच्या बाजूस बसलेला दिसतो. बाबा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर फार लांबले. मोबाइल खिशात असू दे. पण उद्या सकाळी, ऊन वर आल्यावर, पाळीवर ये. आम्ही तेथे असू.