पहिलं पाऊल दुखतंय? लपवू नका

(प्रभागसंघाच्या सभेतील आरोग्य सत्रात क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण)



एरवी मी तुमच्यासमोर उभी राहते ती थकबाकी, लेखे नाहीतर कर्जाच्या फायलींबद्दल बोलायला. आज मी टाचेबद्दल बोलणार आहे. हसू नका. आधी एक सांगा. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत खिळा घुसल्यासारखं कुणाकुणाला होतं? भिंत धरून चार पावलं टाकली की जरा बरं वाटतं, कामाच्या नादात विसरायला होतं, आणि संध्याकाळी परत ठणका लागतो? हात वर करा. बघा, पुढच्या रांगेतच किती हात आहेत. आता मीही माझा हात वर करते.

तुम्हाला माहीत आहे, मला पळायचा नाद आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाल्या. तेव्हा मी कॉलेजात होते. तेव्हापासून हे वेड लागलं ते लागलंच.

दोन वर्षांपूर्वी मी साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलं. २१ किलोमीटर अंतर, त्यात यवतेश्वरचा घाट. मी रोज पळायचे ५ किलोमीटर. शर्यत दोन महिन्यांवर आलेली, म्हणून तीन आठवड्यांत मी ते १४ वर नेलं. डांबरी रस्ता, आणि बूट तीन वर्षांचे, तळ एका बाजूनं झिजून गेलेला. चौथ्या आठवड्यात सकाळी डाव्या टाचेत कळ आली. म्हटलं, होईल बरं. पळायला लागलं की पाच मिनिटांत दुखणं कमी व्हायचं, त्यामुळे मला वाटायचं पळण्यानंच बरं होतंय. मी पळतच राहिले.

मग स्प्रे झाला, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या झाल्या. एका दवाखान्यात एक्स-रे काढला, "हाड वाढलंय" म्हणाले आणि टाचेत इंजेक्शन दिलं. आठवडाभर इतकं बरं वाटलं की मी परत घाटात पळाले. परत दुखलं, परत इंजेक्शन. शर्यत तर राहिलीच. पण एका गावात तासभर मांडी घालून गटाची बैठक घेतली आणि मला उठताच येईना. तिथल्या एका काकूंनी हाताला धरून उठवलं आणि विचारलं, "पोरी, तुलाही टाच लागली का? मला तीन वर्षं झाली. बाईच्या जातीला हे असायचंच."

त्या बैठकीत बारा जणी होत्या. एकेकीला विचारत गेलो तर त्यातल्या पाच जणींना हेच दुखणं निघालं. आणि आपण दर आठवड्याला शेजारी बसतो, एकमेकींच्या हप्त्याचा पैसा न् पैसा आपल्याला माहीत असतो. टाचेचं कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं.

ताईंनो, मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट अजून पुढेच आहे. सकाळी माझ्याबरोबर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या चार-पाच मुली पळायच्या. मी लंगडत असायचे. त्यांनी विचारलं की म्हणायचे, "काही नाही गं, काटा गेलाय." त्यातल्या एकीची टाच माझ्यासारखीच दुखत होती. दीड महिना ती कुणाला बोलली नाही. मैदानी चाचणीला तशीच उभी राहिली, ८०० मीटरला मागे पडली आणि तिची निवड हुकली. नंतर तिनं मला सांगितलं, "ताई, तुमचंही दुखत होतं, तरी तुम्ही पळतच होता की. मला वाटलं असंच पळायचं असतं."

तिनं मला दोष दिला नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही. मी दुखणं लपवलं आणि तिनं ते माझ्याकडून उचललं. आपल्या घरातल्या मुली, सुनासुद्धा आपल्याकडे अशाच बघत असतात. म्हणून आज हे बोलतेय.

आता हे दुखणं म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्या टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायात एक जाड, चिवट पट्टा असतो. पायाची कमान तोच धरून ठेवतो. त्याच्यावर झेपेल त्यापेक्षा जास्त ताण रोज पडत राहिला की टाचेजवळ तो दुखावतो. रात्रभर पाय आखडलेला असतो, सकाळी पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो, म्हणून ती कळ. डॉक्टर याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. आणि ते "वाढलेलं हाड"? ते कितीतरी लोकांच्या टाचेत असतं आणि त्यांना काही दुखत नाही. त्यामुळे एक्स-रेत हाड दिसलं म्हणून घाबरायचं नाही, आणि ऑपरेशनच करावं लागेल असंही समजायचं नाही.

काही मावश्या म्हणतील, आम्ही कुठं पळतो? पळत नाही, पण पहाटे पाचपासून अनवाणी फरशीवर उभ्या असता. मग हंडा, मग वैरणीचा भारा, मग दिवसभर भांगलण, आणि पायात झिजून कागद झालेली स्लिपर. वजन वाढलेलं असेल तर आणखी भार. टाचेला पळणं काय आणि हे काय, ताण तो ताणच.

गटात नव्या सदस्याला आपण पहिल्याच महिन्यात मोठं कर्ज देतो का? नाही. आधी लहान, ते फेडलं की मोठं. मी माझ्या टाचेवर तीन आठवड्यांत जवळजवळ तिप्पट कर्ज टाकलं होतं. हप्ते थकणारच. पण थकबाकीदार सदस्याला आपण गटातून काढूनही टाकत नाही, हप्ता लहान करून देतो. टाचेचंही तेच. सगळं सोडून खाटेवर पडणं हा उपाय नाही आणि दुखत असताना रेटणं हाही नाही. भार कमी करायचा आणि पायाची ताकद हळूहळू वाढवायची.

मला हे शिकवलं सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपीच्या ताईंनी. तीन व्यायाम सांगते. उठून करून बघा.

पहिला, अंथरुणातच, पाऊल टेकवायच्या आधी. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या. हातानं पायाची बोटं आपल्याकडे ओढा. दुसऱ्या हाताचा अंगठा तळपायावर फिरवा, पट्टा तारेसारखा ताणलेला लागेल. दहा आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा करा, आणि बराच वेळ बसून उठायच्या आधी नक्की करा.

दुसरा, भिंतीला हात लावून. दुखरा पाय मागे, टाच जमिनीला टेकलेली, गुडघा सरळ. पुढचा गुडघा वाकवत भिंतीकडे झुका. मागच्या पोटरीला ताण जाणवला पाहिजे. तीस आकडे मोजा. तीन वेळा करा. पोटरी आखडली की टाचेवरचा ताण वाढतो, म्हणून हा व्यायाम.

तिसरा ताकदीचा, एक दिवसाआड. दाराच्या पायरीवर पुढच्या चवड्यावर उभ्या राहा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी घ्या, चौकट घट्ट धरा. तीन मोजत टाचा वर, दोन मोजत थांबा, तीन मोजत खाली. सुरुवातीला दोन्ही पायांवर, जमेल तेवढंच. हळूहळू बारा वेळांच्या तीन फेऱ्यांपर्यंत जा. मग दुखऱ्या एका पायावर. थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर मात्र तुम्ही जास्त केलंय, कमी करा.

आता घरातली गोष्ट. घरात चप्पल घालायची म्हटलं की सासूबाई काय म्हणतील, देवघर आहे, स्वयंपाकघर आहे. मला कळतं. घरापुरती वेगळी, धुतलेली, मऊ तळाची चप्पल ठेवता आली तर उत्तम. नाहीच जमलं तर ओट्यापुढे, जिथं तासन् तास उभ्या राहता तिथं, गोणपाटाची जाड घडी टाका. बाहेरची चप्पल घेताना टाचेखाली जाड आणि मऊ आहे ना ते दाबून बघा. झिजलेली चप्पल "अजून चालेल" म्हणून वापरू नका. संध्याकाळी ठणका असेल तर गार पाण्याची बाटली दहा मिनिटं तळपायाखाली फिरवा.

वीट तापवून त्यावर रुईचं पान ठेवून शेक घेणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. शेकानं तात्पुरतं बरं वाटतं. पण रुईच्या चिकानं कातडी भाजते, आणि साखरेचा आजार असेल तर तळपायाला चटका कळतही नाही. साखर असलेल्या बायांनी हा शेक घेऊच नये, तळपाय बधिर असेल तर बर्फही लावू नये. तिशी ओलांडलेल्या सगळ्यांनी उपकेंद्रात साखर तपासून घ्या.

गोळ्या मनानं घेऊ नका. इंजेक्शन डॉक्टरांनी सांगितलं तर घ्या, पण त्यानं येणारा आराम बहुतेकदा थोड्या दिवसांचा असतो, आणि पुन्हा पुन्हा घेतल्यानं तो पट्टा तुटायचा धोका वाढतो, हे त्यांना विचारा. मी विचारलं नव्हतं.

आणि या वेळी घरी थांबायचं नाही, थेट डॉक्टरकडे जायचं: टाच सुजली, लाल झाली, ताप आला, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे, बसून, झोपूनही दुखतंय, टाच दोन्ही बाजूंनी दाबली तर कळ येते, पळताना काहीतरी तुटल्यासारखं झालं, किंवा दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबर आणि सांधेही आखडतात. ही दुखणी वेगळी असू शकतात.

आता खरं सांगते. पहिला महिना मला काही फरक वाटला नाही, सोडून द्यावंसं वाटलं. तिसऱ्या महिन्यात सकाळची कळ निम्म्यावर आली. मग एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं सुरू केलं. न दुखता ५ किलोमीटर पळायला मला आठ महिने लागले. बहुतेकांचं हे दुखणं ऑपरेशनशिवाय बरं होतं, पण काही महिने लागतात, कधी वर्षही. २१ किलोमीटर मी अजून पळाले नाही. पळेन तेव्हा पेढे घेऊन येईन.

ती मुलगी? तिची टाच बरी आहे. पुढच्या भरतीची तयारी करतेय. आता सकाळी पळायला सुरुवात करायच्या आधी आम्ही एकमेकींना विचारतो, "आज कुठं दुखतंय?" आणि जिचं दुखतंय ती त्या दिवशी चालते. कुणी तिला हसत नाही.

आपल्या दशसूत्रीत आरोग्यही आहे. बचत वहीत लिहितो, कर्ज वहीत लिहितो, दुखणं मात्र पोटात ठेवतो. माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या बैठकीत प्रार्थना झाली की पाच मिनिटं काढा, वर्तुळात बसल्या बसल्या पहिला व्यायाम करा, आणि शेजारणीला विचारा, "सकाळचं पहिलं पाऊल कसं पडतंय?" तिनं "बरंय" म्हटलं तरी उठताना तिचा हात भिंतीकडे जातोय का, ते बघा.