थरथरणारी पिकअप : इंजिन उघडण्यापूर्वी



पहाटेची वेळ आहे. टोमॅटोचे साठ क्रेट भरून पिकअप दारात उभी आहे. किल्ली फिरवली, इंजिनानं दोन-तीनदा आढेवेढे घेतले आणि ते सुरू झालं; पण जागच्या जागी असं हादरू लागलं, की आरशात काही दिसेना, दाराच्या काचा खडखडल्या आणि गिअरचा दांडा डोलू लागला. गाडी जुनी. मग घरातलं कोणीतरी म्हणतंच, "संपलं आता इंजिन!"

आपल्यापैकी अनेकांनी हा अनुभव घेतला असेल. आज मला त्यांना एवढंच सांगायचं आहे, की हादरणं हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. ताप आला म्हणून कोणी लगेच रोग्याचं पोट फाडत नाही. आधी नाडी पाहतात. इंजिनाचीही नाडी पाहता येते, आणि तिला फारशी हत्यारं लागत नाहीत.

मी आयटीआयमध्ये मोटारीचं काम शिकवतो. जुन्नर तालुक्यातले एक बागायतदार, ज्यांना गावात सगळे तात्या म्हणतात, ऐन हंगामात माझ्याकडे आले. नारायणगावच्या बाजारात रोज माल न्यायचा, आणि गाडीची ही अशी अवस्था. एका ठिकाणी त्यांना सांगितलं होतं, की इंजिन पूर्ण खोलावं लागेल. खत-बियाण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात घालायचे, असं त्यांनी मनाशी ठरवलंही होतं. मी म्हटलं, "तात्या, पैसे कुठं जात नाहीत. आधी गाडी काय म्हणते ते ऐकू या."

ऐकायचं म्हणजे काय? जुन्या डिझेल पिकअपचं इंजिन बहुधा चार सिलिंडरचं असतं. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते, की ती अतिशय तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा आला, की ते आपोआप पेट घेतं. इंजिन जागेवर मिनिटाला सुमारे ७५० फेरे घेतं, असं धरा. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे चौघांचे मिळून मिनिटाला १५०० ठोके, सेकंदाला २५. हे ठोके एकसारखे पडतात तोवर गाडी शांत असते. चारांतला एक गप्प बसला, की सेकंदाला सहा वेळा खंड पडतो, आणि तो हिसका आपल्या अंगाला जाणवतो. चार भोई पालखी नेत आहेत आणि एकाचा पाय लचकला, तर पालखी जशी हेलकावते, तसंच हे. रेस वाढवली, की खंड जवळजवळ येतात आणि जड फ्लायव्हील ते झाकून टाकतं. "पळताना बरी, उभी राहिली की थरथरते," असं आपण म्हणतो त्याचं कारण हे.

आता तपासणीचा क्रम सांगतो. पहिला प्रश्न, गाडी हादरते केव्हा? उभी असताना काही नाही, पण ठरावीक वेगाला हादरते, असं असेल तर इंजिनाला दोष देऊ नका. चाकं, टायर आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस पाहा.

दुसरा प्रश्न, ठोका कसा पडतो? डोळे मिटून सायलेन्सरचा आवाज ऐका. आवाज एकसारखा असेल आणि तरी गाडी थरथरत असेल, तर इंजिन चांगलं आहे. ज्यावर ते बसलं आहे ते रबर वाईट आहे. गॅरेजमध्ये याला फाउंडेशन म्हणतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं आणि तेलानं ते रबर फुगतं, चिरतं, कधी नटच ढिला होतो. जागेवरची रेस फार कमी बसवली असेल, तरीही असंच होतं. हे दोन्ही दोष थोड्या खर्चात जातात.

आवाजच लंगडा असेल, तर तिसरा प्रश्न विचारायचा, आणि तोच आजच्या भाषणाचा गाभा आहे. लंगडणारा पाय नेहमी एकच आहे, की बदलतो?

यासाठी जुना मिस्त्री काय करतो? इंजिन चालू ठेवून प्रत्येक नोझलच्या पाइपचा नट एकेक करून जरासा ढिला करतो. चालू सिलिंडरचं डिझेल असं तोडलं, की आवाज पडतो, हादरा वाढतो. मुळातच बंद असलेल्या सिलिंडरचं तोडलं, तर काहीच फरक पडत नाही. आळशी गडी सापडला! मग त्याची नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहायची, वॉशर मात्र नवे घालायचे. दोष नोझलबरोबर शेजारी गेला, तर नोझल खराब. जागेवरच राहिला, तर व्हॉल्व्ह, टॅपेटची फट, दाब किंवा पंप यांची चौकशी करायची. इंजिन खोलण्याची भाषा इथं येते, त्याआधी नाही.

पण इथं एक ताकीद नीट ऐका. हे काम जाणत्या माणसानंच, डोळ्यांना चष्मा लावून आणि हात लांब ठेवून करायचं. फवाऱ्याच्या जोरानं डिझेल कातडीच्या आत शिरतं. बाहेरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, पण बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. ताबडतोब दवाखाना गाठा. आणि नवीन पद्धतीच्या, म्हणजे कॉमन रेलच्या गाडीत तर चालू इंजिनाचा हा नट कधीही ढिला करू नका. टायरमध्ये दोन-तीन बार दाब असतो. त्या पाइपात हजार बारांहूनही अधिक असू शकतो. अशा गाडीची तपासणी यंत्र लावूनच करावी.

तात्यांच्या गाडीकडे परत येऊ. ठोका लंगडा होता. नोझल खराब असणार, अशी माझी अटकळ. पण नट ढिले करून पाहिले, तर एकदा तिसरा सिलिंडर मंद वाटे, थोड्या वेळानं पहिला. माझी अटकळ चुकली होती. लंगडणारा पाय बदलत होता! मग दोष एका पायाचा नव्हे, चौघांच्या शिदोरीचा; म्हणजे डिझेल पुरवणाऱ्या वाटेचा. मी विचारलं, "तात्या, सकाळी सुरू व्हायला त्रास देते, आणि एकदा चालू झाल्यावर दुपारी लगेच होते, असं आहे का?" ते म्हणाले, "अगदी तसंच, मास्तर."

डिझेलच्या वाटेत तीन चोर असतात. तुंबलेला फिल्टर, पाणी आणि हवा. फिल्टर नुकताच बदललेला होता. फिल्टरच्या तळातून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन ठेवलं. तळाशी पाणी दिसलं नाही. उरली हवा. फिल्टरपुढच्या वाटेत वीतभर पारदर्शक पाइप जोडला, आणि इंजिन चालू होताच त्यातून बुडबुडे धावू लागले. मग टाकीचा पाइप सोडवून स्वच्छ डब्यातलं डिझेल दिलं, हवा काढली, तर गाडी शांत! टाकीपासून येणारा रबरी पाइप वाकणावर कडक होऊन चिरला होता. गंमत अशी, की त्या जागी डिझेलचा थेंबही गळत नव्हता. तिथं पंप ओढत असतो, त्यामुळे डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. आणि रात्रभरात डिझेल टाकीकडे मागं उतरतं, म्हणून पहाटेचा त्रास.

हातभर पाइप आणि दोन क्लिपा. तात्यांचा खताचा पैसा खतातच गेला.

धुराकडेही लक्ष ठेवा. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. काळा म्हणजे डिझेल जास्त वा हवा कमी, तेव्हा आधी एअर फिल्टर पाहा. निळसर म्हणजे इंजिनाचं तेल जळतं आहे. रेडिएटरचं पाणी सारखं कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि गाडी दामटू नका. तापलेल्या रेडिएटरचं झाकणही उघडू नका.

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. ठोक्यांचं गणित सातवीच्या मुलांनाही करता येईल. थोडं डिझेल आणि पाणी घट्ट बुचाच्या बाटलीत हलवून, विस्तवापासून दूर, वर्गात ठेवा. डिझेल हलकं, म्हणून वर राहतं. फिल्टरच्या तळाला तोटी का असते, ते मुलं स्वतःच सांगतील.

आणि शेतकरी मंडळींनो, गाडी मिस्त्रीकडे न्याल तेव्हा नुसतं "हादरते" असं सांगू नका. केव्हा हादरते, ठोका सारखा आहे की लंगडा, पहाटे कशी, दुपारी कशी, धूर कोणता, हे चार ओळींत लिहून न्या. चांगल्या मिस्त्रीचं निम्मं काम त्यानं होतं. आणि कोणी पहिल्याच भेटीत इंजिन खोलू म्हणाला, तर त्याला शांतपणे एकच विचारा : "लंगडणारा पाय एकच आहे, की बदलतो?"