दिवा दूर, रोध जास्त

१८७३ साली विलोबी स्मिथ हा इंग्रज विद्युत अभियंता समुद्राखालून जाणाऱ्या तारायंत्राच्या केबली तपासत होता. तपासणीसाठी मोठा आणि स्थिर रोध हवा, म्हणून त्याने सेलेनियमच्या कांड्या वापरल्या. पण रोध काही स्थिर राहीना. कांड्या ठेवलेल्या डबीचं झाकण उघडलं की तो उतरे, लावलं की चढे. हा उष्णतेचा खेळ तर नाही? शंका फेडण्यासाठी प्रकाशाच्या वाटेत पाणी ठेवून पाहिलं, तरी तेच घडलं. कारण प्रकाशच होता.

सेलेनियमची जागा पुढे कॅडमियम सल्फाइडने घेतली. बाजारात ‘एलडीआर’ म्हणून मिळणाऱ्या नखाएवढ्या चकतीवर त्याचाच नागमोडी पट्टा असतो. प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन मोकळे होतात. अंधारात दहा लाख ओहमच्या घरातला रोध लख्ख उजेडात काही शे ओहमपर्यंत घसरतो.

म्हणूनच दिव्यापासूनचं अंतर बदलत एलडीआरचा रोध मोजण्याचा प्रयोग विद्यार्थ्यांचा आवडता. अंधारी खोली, एक छोटा दिवा, मीटरपट्टी आणि मल्टिमीटर, एवढ्यावर भागतं. अंतर दुप्पट केलं की प्रकाश चौपट कमी होतो, हे केप्लरने १६०४ मध्येच मांडलं होतं. मग रोधही चौपट व्हायला हवा, असं विद्यार्थी धरून चालतो.

तसं होत नाही! एलडीआरचा रोध प्रकाशाच्या साध्या व्यस्त प्रमाणात बदलत नाही. प्रकाशाचा घातांक एकापेक्षा कमी, बऱ्याच एलडीआरमध्ये ०.७ ते ०.९ असतो. तो ०.७ धरला, तर २० सेंटिमीटरवरून ४० वर जाताना रोध चौपट न होता सुमारे २.६ पट होतो. त्यात भिंतींवरून परतणारा प्रकाश भर घालतो, त्यामुळे लांबच्या अंतरांवर रोध आणखीच कमी भरतो. एलडीआर काळ्या कागदाच्या नळीत बसवला तर हा त्रास बराच टळतो. शिवाय एलडीआरचा रोध सावकाश स्थिरावतो, विशेषतः उजेडातून अंधाराकडे जाताना. आकडा थांबेपर्यंत धीर धरावाच लागतो.

इथे वहीत ‘चौपट’ लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. पण तसं केलं तर हाती लागलेली सर्वांत मोलाची गोष्टच निसटते. विद्यार्थ्यांनी मीटरने दाखवला तोच आकडा लिहावा, अंतर आणि रोध यांच्या लॉगॅरिदमचा आलेख काढावा आणि रेषेचा चढ मोजावा. त्या चढाचा निम्मा म्हणजे त्यांच्या हातातल्या एलडीआरचा घातांक.