घरातला समुद्र

भगिनींनो, आपल्या नाशिकला गोदामाई आहे, समुद्र नाही. पण मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय (ते १९५१ साली उघडले) लहानपणी पाहिल्यापासून खाऱ्या पाण्याची काचपेटी घरी असावी, असे मला वाटे.

लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ. स्वयंपाकाचे नव्हे, या पेट्यांसाठी मिळते ते. मोजमाप आपल्याला जड नाही; जड जाते ते थांबणे. मी तिसऱ्याच दिवशी मासे सोडले, आठवड्यात सारे गेले! माशांच्या विष्ठेतून होणारा अमोनिया पचविणारे जीवाणू रुजावयास चार-सहा आठवडे लागतात. विरजण लागल्यावाचून दही कोठून?

वाफेने पाणी जाते, मीठ राहते. म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालावी.

जिवंत प्रवाळ कोणी देऊ केले तर घेऊ नका. ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते. मालवणच्या समुद्रात पाहावे. माझ्या पेटीत साधे दगड आणि दोन मासे आहेत. हळदीकुंकवाला याल तेव्हा दाखवीन.