दणका हवा, पण स्वच्छ

अंबरनाथला शिवमंदिराजवळचा आर्ट फेस्टिव्हल असो की उल्हासनगर-बदलापुरातला गणपतीतला ऑर्केस्ट्रा, उघड्या मंचावर बेस ड्रम नुसता घुमला तर ताल हरवतो.

छातीत बसणारा दणका साधारण ६० ते ८० हर्ट्झचा, पेडलच्या बीटरची टकटक ३ ते ४ हजारांची. मधल्या ३०० ते ४०० हर्ट्झला डबा वाजवल्यासारखा आवाज येतो. साउंडवाला आधी तो उतरवतो. पुढच्या पानाच्या भोकातून एकेजी डी ११२सारखा माइक आत सरकवून बीटरकडे नेला की टकटक वाढते, मागे घेतला की घुमार. ड्रममध्ये एक उशी टाका, निम्मं काम तिथंच होतं!

माइकऐवजी ट्रिगर लावला तर तंत्र निराळं. पानाला लावलेला पिझो सेन्सर कंप टिपतो, मॉड्यूल साठवलेला ठोका वाजवतं. शेजारच्या ढोलकीचा आवाज त्यात शिरत नाही. मात्र सेन्सिटिव्हिटी फार ठेवली तर एका ठोक्याचे दोन होतात.