बेकारीचा अंदाज आणि हजेरीपट



२००६ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय रोजगार हमीचा कायदा प्रथम २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत आपला बालाघाट होता. पुढील वर्षी किती हात काम मागतील, याचा अंदाज दर डिसेंबरात बांधण्याचे बंधन त्या कायद्याने जिल्ह्यावर घातले. आता संगणकाने एकेका मजुराच्या बेकारीचेही भाकीत करता येईल, असे म्हणतात.

धानाची कापणी उरकली की तेंदूपानाच्या हंगामापर्यंत पुष्कळांना काम नसते, हे सांगण्यास यंत्र नको. अमुक घरातील अमुक मजूर रिकामा राहील काय, हा खरा प्रश्न. कामावरच्या हजेरीपटात मिळालेले दिवस असतात. मागून न मिळालेले नसतात. ज्याने तोंडी काम मागितले आणि निराश होऊन नागपूरची वाट धरली, त्याच्या नावापुढे शून्य उमटते. यंत्र त्या शून्याचा अर्थ ‘गरज नाही’ असा लावील आणि सर्वांत गरजू मनुष्यच यादीतून गळेल. अर्जाची तारखेसह पावती देण्याची आणि १५ दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्त्याची तरतूद त्या कायद्यात होती, ती उगीच नव्हे. ग्रामसेवकांनी नकाराचीही नोंद ठेवावी. शिक्षकबंधूंनी शाळेचा हजेरीपट पुढे करावा. आईबापांमागून मुले कोणत्या महिन्यात गाव सोडतात, हे तेथे आधीच लिहिलेले असते.