मोजक्या ध्वनिमुद्रिका आणि कलावंतांची मिळकत



मिरजेस ज्यांच्या समाधीपुढे गवई आजही हजेरी लावतात, त्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँना निवर्तून १९३७ पासून इतका काळ लोटला, तरी त्यांचा स्वर आपणांस लाभतो तो ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांमुळे. एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे, आणि तेवढ्यात रागाची मूर्ती उभी करावयाची! तथापि त्या काळच्या बहुतेक गवयांचा चरितार्थ बिदागीवर चाले. मुद्रिका कीर्ती नेई आणि कीर्ती आमंत्रणे आणी.

आज हा क्रम उलटू पाहत आहे. मोबाइलवर गाणे जवळजवळ फुकट मिळते. स्पॉटिफायने तर २०२४ पासून असा दंडक घातला, की जे गीत बारा महिन्यांत हजार वेळा ऐकले गेले नाही, त्याचे मानधन शून्य. अशा स्थितीत चार-पाच जणांच्या स्वतंत्र बँडने दोन-तीनशेच विनाइल मुद्रिका काढाव्यात, त्यांवर अनुक्रमांक घालावेत आणि कार्यक्रमाच्या मंडपात स्वहस्ते विकाव्यात, यात मला गतकाळाचा मोह दिसत नाही, रोकडा व्यवहार दिसतो. प्रतीमागे खर्च वजा जाता हजार रुपये उरले असे धरले, तर तीनशे प्रतींचे तीन लाख होतात. बँडकॅम्पसारख्या पेढीमार्फत विकल्यास ती वस्तूच्या विक्रीवर साधारण शेकडा दहा कापून घेते. अमेरिकेत २०२२ साली विनाइलच्या ४ कोटी १० लाख प्रती खपल्या, सीडीच्या ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर प्रथमच विनाइलने नगसंख्येत सीडीस मागे टाकले.

मात्र आरंभीचा खर्च जड असतो. प्रथम लॅकरचा लेप दिलेल्या चकतीवर सुईने खोबणी कोरावी लागते, तीवरून धातूचे ठसे घडवावे लागतात, मग तापवून मऊ केलेला विनाइलचा गोळा दोन ठशांमध्ये दाबला जातो आणि मधले कागदी लेबलही त्याच दाबाने, गोंदाचा थेंब न लावता, कायमचे बसते. शंभर प्रती काढा वा हजार, ठशांचा खर्च तोच; म्हणून हुशार बँड रसिकांकडून आगाऊ रक्कम घेऊनच कारखान्यास काम सांगतात. नारायणगावच्या राहुट्यांत जत्रेतल्या तमाशाची सुपारी ठरताना गावचे पंच फडमालकाच्या हाती इसार ठेवतात, त्याच जातीचा हा विश्वास आहे, आणि आपल्या मुलखातील तरुण गायक-वादकांनी त्याचा आधार निःसंकोच घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

महाग वस्तूने गरीब श्रोता वंचित होईल, या आक्षेपात तथ्य थोडे, कारण तेच गाणे त्याच्या मोबाइलवर असतेच. मला धास्ती निराळीच वाटते. तीनशेच प्रती म्हणून दाम घ्यावे आणि मागणी दिसताच गुपचूप आणखी पाचशे काढाव्यात, ही रसिकाशी उघड दगलबाजी होय. दुसरी आवृत्ती काढणे भागच पडले, तर वेष्टनाचा रंग बदलावा, तीवर तसे स्पष्ट छापावे आणि पहिल्या ग्राहकांस त्याची वर्दी आधी द्यावी.